रेडिएटरमधली हळद

बाबांची गाडी शहरात कधी तापली नाही. सिग्नलला कितीही वेळ उभी ठेवा, तापमानाचा काटा मध्यावर गुपचूप. इंदूरबाहेर, राऊच्या पुढे मोकळा रस्ता लागला, वेग साठच्या वर गेला, की मात्र पाच मिनिटांत तो लाल रेषेला भिडायचा. मग गाडी कडेला घ्यायची, निवेपर्यंत थांबायचं आणि परत फिरायचं. असं तीनदा झालं. तीनही वेळा आई चांगली साडी नेसून, मावशीसाठी केलेल्या वड्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, आणि तीनही वेळा त्या वड्या आम्ही घरी येऊन खाल्ल्या.

मावशी महूला असते. तिचे गुडघे गेले, तेव्हापासून जायचं ते आईनेच. पण आईचा हट्ट असा की जाईन तर ह्याच गाडीतून. "टॅक्सीत मी पार्सल असते," ती म्हणायची. "ह्या गाडीत तुझ्या बाबांच्या बाजूला बसते." बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तिच्या बाजूला बसून गाडी चालवणारी मी होते.

धाकटा भाऊ पुण्यात. त्याने फोनवर सौदा केला. "ताई, आईला एकदा महूला नेऊन आण. तिची हौस होऊ दे. मग गाडी काढून टाकायची. कबूल?"

मी कबूल म्हटलं. मला खरोखरच वाटत होतं की हे सगळं आईसाठी चाललंय.

तीस वर्षं मी शाळेत फिजिक्स शिकवलं. पाण्याला तापायला इतका वेळ का लागतो, हे किती पिढ्यांना पाठ करायला लावलं, आणि माझ्याच गाडीतलं पाणी का उकळतं ते मला सांगता येईना. पहिला मेकॅनिक म्हणाला, थर्मोस्टॅट काढून टाकू, इंदौर की गर्मी में इसका क्या काम. उघडून बघितलं तर तो कुणीतरी आधीच काढलेला. दुसऱ्याने पंख्याचा पट्टा बदलला, मग पाण्याचा पंप बदलला. काटा तसाच. मी त्याच्यावर इतकी ओरडले की त्याने मला चहा मागवला.

शेवटी लालबागच्या मागच्या रस्त्यावरचा एक म्हातारा मिस्त्री सापडला. आयुष्यभर फक्त रेडिएटरचं काम केलेला. त्याने आधी बॉनेट उघडलंच नाही.

"दीदी, गरम सिटी में होती है कि रोड पे?"

"रोड पे."

"तो पंखे को मत कोसो. पंखा बिगड़ता तो सिटी में गरम होती."

त्याने इंजिन चालू करून गाडी तापू दिली, मग बंद केली आणि रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवला. डॉक्टर लहान मुलाचं पोट बघतात तसा, हलकेच. मग माझा हात धरून तिथे ठेवला. वर कढत, कडेला कढत, आणि मधोमध चक्क गार. तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. हळू चालताना उरलेल्या नळ्यांवर निभायचं, जोरात गेलं की पुरं पडायचं नाही. इतकं सोपं होतं. वर्गात असते तर मी स्वतःला बाकावर उभं केलं असतं.

त्याने रेडिएटर काढला, टाकीचं कथलाने डाग दिलेलं झाकण उकललं आणि आत सळई घातली. बाहेर पिवळा चिखल आला. त्याने बोटावर घेऊन वास घेतला आणि हसला.

"हल्दी है. किसने डाली इतनी?"

गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकायची, ही ह्या रस्त्यांवरची जुनी युक्ती. चिमूटभर टाकली की ती बारीक भोकात जाऊन बसते आणि घरापर्यंत पोहोचवते. पण इथे चिमूट नव्हती, वाटीभर चिखल होता.

मला बाबांचा राग आला. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरशिवाय दुसरं पाणी न घालणारा माणूस! आणि मग तो राग माझ्याकडेच वळला. म्हणजे शेवटच्या वर्षात त्यांचं भान सुटत चाललं होतं आणि मला कळलंच नाही? मी रविवारी यायची, जेवायची, वह्या तपासायच्यात म्हणून निघायची. ते पोर्चमध्ये एकटे उभे राहून गाडीत हळद ओतत होते का? मला ते इतके हवे होते त्या क्षणी, नुसते समोर, खडसावायला का होईना.

घरी येऊन मी आईला सांगितलं. तिने निवडायला घेतलेली मेथी खाली ठेवली.

"बाबांनी नाही. मी टाकली."

"तू?"

"अगं, ते गेले आणि नंतर गाडी टपकायला लागली. फरशीवर रोज पाणी. तुझा भाऊ बोलला होता ना, गाडी गळते, फालतू उभी आहे, बेच देऊ. त्यांनी एकदा रस्त्यात चमचाभर टाकली होती, मी पाहिलं होतं. तर मग मी पण टाकत गेले. टपकलं की एक चमचा. तू खजरान्याच्या गणपतीला न्यायला यायची, त्याच्या पहिले फरशी पुसून ठेवायची."

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन वर्षं मसाल्याच्या डब्यातून गाडीला औषधपाणी चाललं होतं, आणि त्याच औषधाने तिला महूला जाऊ दिलं नव्हतं. मी हसले. आई हसली नाही. "विकली असती ना ग," एवढंच म्हणाली.

मिस्त्रीने एकेका नळीतून सळई फिरवली, भोकांना डाग दिले, इंजिनातून होसपाइपने पाणी सोडलं. पिवळं पाणी स्वच्छ व्हायला अख्खी दुपार गेली. मग हिरवं कूलंट भरलं आणि म्हणाला, "अब रसोई बंद."

रविवारी आम्ही निघालो. राऊ गेलं, सत्तर झाले, काटा हलला नाही. आई खिडकीकडे तोंड करून बसली होती, खूश होती. मावशीने दारातच तिला मिठी मारली, वड्या संपल्या, दोघी रडल्या, भांडल्या. परतताना आई म्हणाली, "झालं बाई माझं. आता तुम्ही काय करायचं ते करा."

तिचं झालं होतं. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते, ज्या जागी बाबांचे हात असायचे तिथेच, आणि माझं काहीच झालं नव्हतं.

गाडी पोर्चमध्ये लावते तोच भावाचा फोन. आई अजून बाजूलाच होती.

"काय ताई, झाली का ट्रिप? नीट गेली?"

"कुठली रे," मी म्हटलं. "राऊच्या पुढे गेलो आणि परत तापली. मिस्त्री म्हणतो, वेळ लागेल."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग रिकामा डबा पदराखाली घेतला आणि हळूच दार उघडून उतरली.