सासूबाईंनी चिंचेने घासलेलं लॉक

आमच्याकडे, बाळकुमच्या फ्लॅटमध्येसुद्धा, खंडेनवमीला विळी, सुरी, कात्री सगळं घासूनपुसून पाटावर मांडतात. माझं डीटीपीचं काम घरूनच चालतं, म्हणून कॉम्प्युटरलाही हळदकुंकू. त्या वर्षी सासूबाईंनी कॉम्प्युटरच्या मागचं लॉक उपटलं आणि विळीबरोबर तेही चिंच लावून लख्ख धुतलं.

लॉक म्हणजे बोटाएवढी पट्टी, माझ्या मराठी सॉफ्टवेअरचं लायसन्स. ती लावल्याशिवाय एकही फाइल उघडत नाही. आणि त्या फायलींतच सासऱ्यांनी लिहिलेलं पुस्तक होतं, जुन्या बाळकुम गावच्या आठवणींचं. सासरे गेल्यावर मी सगळं टाइप केलेलं. मूळ कागद माळ्यावर वाळवीने खाल्ले.

धुतलेलं लॉक परत लावलं, तर त्याचा दिवाच लागेना. कंपनीला फोन लावला.

"मॅडम, ते व्हर्जन बंद झालं. नवीन लायसन्स घ्या. पण ते तुमच्या मशीनवर चालणार नाही, मशीनही बदला."

"आणि जुन्या फायली?"

"नव्यात उघडतीलच असं नाही."

अरे, मग काय लोणचं घालू त्यांचं? वर नवरा विचारतो, बॅकअप आहे ना? म्हटलं, आहे ना, पेनड्राइव्हवर आहे. पण उघडू कशात, तुझ्या डोक्यात?

माझी बडबड चालू होती, पण सासूबाई जेवल्याही नाहीत. "माझ्याच हाताने बुडवलं गं मी त्यांचं," एवढंच म्हणाल्या. माझा राग कुठच्या कुठे पळाला. फार वाईट वाटलं.

लॉक खिडकीत उन्हात ठेवलं. दसऱ्याच्या दुपारी देवाचं नाव घेऊन लावलं, आणि त्याचा हिरवा दिवा लागला! मी किंचाळलेच. आधी पुस्तकाची पीडीएफ काढली, म्हणजे पुन्हा त्या लॉकचे पाय धरायला नकोत. सासूबाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांना शेजारी बसवून वाचून दाखवायला लागले. सासरे लग्नानंतर भर भरतीत खाडी पोहून गेले, ते पान आलं.

"थांब. हे साफ खोटं आहे," सासूबाई म्हणाल्या. "पोहता कुठे येत होतं त्यांना? गळ्याला पाणी लागलं तसे बोंबलायला लागले. माझं माहेर खाडीकाठचं, मीच उडी मारून ओढून काढलं."

मला हसू आवरेना. "मग हे काढून टाकू का, आई?"

"नको गं. त्यांचं त्यांना राहू दे. खाली माझं लिही."