चकतीतल्या दोन गोळ्या

देवदत्त बारलिंगे बंदुका विकतो हे टेक्ससमधल्या प्लेनोतल्या मराठी मंडळींना ठाऊक होतं, पण त्याच्यासमोर कुणी तसं म्हणत नसे. गणपतीत नव्या माणसाशी ओळख करून देताना "हा रिटेलमध्ये आहे" असं मोघम सांगून लोक दुसऱ्या विषयाकडे वळत. देवदत्तला त्याचं वाईट वाटायचं बंद झालं होतं. नागपुरात कॉलेजात असताना एनसीसीत त्याने रायफल शूटिंगची दोन पदकं मिळवली होती. पुढे इथे येऊन मास्टर्स केलं, वीस वर्षं एका टेलिकॉम कंपनीत काढली आणि बावन्नाव्या वर्षी कंपनीने अख्खी टीमच काढून टाकली. दीड वर्ष इंटरव्ह्यू देऊन तो थकला. शनिवारी ज्या रेंजवर तो नेमबाजीला जायचा, तिथल्या दुकानाच्या मॅनेजर मार्लीनबाईंनी विचारलं, काउंटरवर उभा राहशील का? तात्पुरता म्हणून उभा राहिला, त्याला आता सहा वर्षं झाली होती.

काउंटरवर तो मुरलेला होता. गिऱ्हाइकाचा चेहरा नंतर, हात आधी बघायचा. तळवा केवढा, बोटं किती लांब, मनगटात जोर किती. कुणाच्या गळ्यात उगाच काही मारायचा नाही. त्यामुळे लोक त्याचं नाव विचारत यायचे.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुकान उघडून अर्धा तास झाला असेल, तेव्हा जगन्नाथ खांबेटे आत आले. चौऱ्याहत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, स्वेटर, हातात कापडी पिशवी. चिप डिझाइनमधले जुने इंजिनियर. त्यांची बायको शैलाकाकू रविवारच्या मराठी शाळेत शिकवायची. देवदत्तची मुलगी तिच्याच हाताखाली बाराखडी शिकली होती. काकांना इथे पाहून देवदत्त चपापला. काका मात्र भाजी घ्यायला आल्यासारखे शांत होते.

त्यांचं म्हणणं असं. शेजारच्या घरात एकदा चोरी झाली होती, तेव्हा पलीकडे राहणाऱ्या म्हाताऱ्या सैनिकाने त्यांना स्वतःचं जुनं फोर्टीफाइव्ह बोअरचं पिस्तूल देऊन टाकलं होतं. काडतुसांचे खोके घरात होते. पण संधिवाताने बोटं वाकली आणि पिस्तुलाची वरची स्लाइड आता मागे खेचता येत नव्हती. तर तीच काडतुसं चालतील असं एखादं रिव्हॉल्व्हर मिळतं का?

देवदत्त खूश झाला. असा मुद्देसूद प्रश्न घेऊन माणूस क्वचित येतो. त्याने काचेखालून तीन रिव्हॉल्व्हरं काढून निळ्या मॅटवर मांडली. तिन्ही मोठ्या बांध्याची. एक आखूड नळीचं, एक लष्करी धाटणीचं काळं आणि एक स्टेनलेसचं, चांगलं सव्वा किलोचं. जड असणं हेच सोयीचं, त्याने समजावलं. गोळी सुटल्यावरचा धक्का वजनात जिरतो, हाताला कमी बसतो.

मग त्याने खरी गंमत दाखवली. पिस्तुलाच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा नसते. त्यामुळे रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या बसतात त्या फिरत्या चक्रातून रिकामी टरफलं बाहेर ढकलायला काही सापडतच नाही. म्हणून पोलादाची एक पातळ गोल चकती असते. तिच्या खाचांत सहा काडतुसं आधीच अडकवून ठेवायची आणि चकतीसकट चक्रात सोडायची. वाकड्या बोटांनी एकेक भरत बसायला नको. फक्त चकती वाकू द्यायची नाही, नाहीतर चक्र अडतं.

काकांनी स्टेनलेसचं उचललं. वाकडी बोटं मुठीभोवती नीट बसली.

"एखादी गोळी उडालीच नाही तर?" त्यांनी विचारलं.

पिस्तुलात तशी गोळी हाताने काढून टाकावी लागते, देवदत्त म्हणाला. इथे पुन्हा चाप ओढायचा, पुढची गोळी आपोआप समोर येते.

"म्हणजे मध्ये थांबावं लागत नाही."

"नाही."

काकांनी मान हलवली. चकती बोटांत धरून ती उजेडाकडे केली आणि तिच्या खाचा निरखल्या.

"यात दोनच बसवल्या तर चालेल का रे?"

देवदत्त उत्तर द्यायला निघाला होता. चालतं, असंच उत्तर होतं. पण ते त्याने दिलं नाही. सहा वर्षांत कुणी त्याला कमी गोळ्यांबद्दल विचारलं नव्हतं. लोक सातवी बसेल का, आठवी बसेल का विचारायचे. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की काकांनी रेंजबद्दल काही विचारलं नव्हतं, कुलपाच्या पेटीबद्दल नाही, चोरांबद्दलसुद्धा नाही.

"काकू कशा आहेत?" त्याने विचारलं.

"आहे," काका म्हणाले. "घरीच आहे." आणि पिशवीतून चष्मा काढून त्यांनी खरेदीचा सरकारी फॉर्म मागितला.

देवदत्तने रिव्हॉल्व्हर हळूच मॅटवरून आपल्या बाजूला ओढलं. आज देता येणार नाही, म्हणाला. काकांनी कारण विचारलं. सिस्टिम स्लो आहे, अशी थाप त्याच्या तोंडातून गेली आणि काकांना ती कळली, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी चकती मॅटवर ठेवली, चष्मा मिटला, थँक्यू म्हणाले. दुसरीकडे बघतो, म्हणाले. दार त्यांच्यामागे सावकाश बंद झालं.

मार्लीनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. काउंटरमागच्या माणसाला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे, म्हणाल्या आणि ओळखीच्या चार दुकानांना स्वतः फोन केले. पण टेक्ससमध्ये दुकानाशिवायही हत्यार मिळतं, कुणीही कुणाला विकू शकतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. देवदत्तने घरी बायकोला, शुभाला फोन लावला.  ती म्हणाली की शैलाकाकूंना दोन वर्षांत कुणी पाहिलेलं नाही. काका सांगतात, ती मुलीकडे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला आहे.

"मला तर आत्ता म्हणाले, घरीच आहे," देवदत्त म्हणाला.

अर्ध्या तासात तो आणि शुभा खांबेट्यांच्या दारात होते. भरदुपारी सगळे पडदे ओढलेले. चार वेळा बेल वाजवल्यावर काकांनी दार हातभर उघडलं. देवदत्तला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. ते बाजूला झाले.

आत फिनाइलचा वास. गॅसच्या शेगडीची बटणं काढून ठेवलेली, मागच्या दाराला वर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर कडी. शैलाकाकू सोफ्यावर बसली होती. नवी कोरी साडी, केस विंचरलेले. तिने देवदत्तकडे बघून "दादा आला" म्हटलं आणि पुन्हा समोरच्या भिंतीकडे बघू लागली. शुभा तिच्याजवळ बसून तिचा हात हातात घेऊन राहिली.

जेवणाच्या टेबलावर फायली ओळीने मांडल्या होत्या. घराची, विम्याची, गाडीची. प्रत्येकीवर काकांच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं, 'अदितीसाठी', म्हणजे त्यांच्या मुलीसाठी. शेवटी एक बंद पाकीट. देवदत्तने ओळखलं, आजचीच दुपार ठरलेली होती.

आडवळणाने विचारण्यात अर्थ नव्हता.

"काका, दुसरी गोळी तुमच्यासाठी होती ना?"

काकांनी खुर्ची ओढली आणि बसले. "तू दुसरीचं विचारतोयस," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, पहिलीचं विचारशील."

मग त्यांनी सांगितलं, तेही हिशेबी इंजिनियरच्या आवाजात. पाच वर्षांपासून शैलाची स्मृती जात होती. तिला तशा अवस्थेत कुणी पाहू नये म्हणून त्यांनी घर बंद केलं. मुलीला फोनवर सगळं ठीक असल्याचं सांगत राहिले. गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप बदलावी लागेल. "मी ऑपरेशनच्या टेबलावरच गेलो, तर हिला कोण? ती मला रोज नव्याने घाबरते, देवदत्त. परक्याच्या हातात गेली तर किती घाबरेल?"

 देवदत्तने एवढंच म्हटलं की पिस्तूल आणि खोके मला द्या, आणि मी इथेच थांबतो.  काका उठले, त्यांनी कपाट उघडलं आणि सगळं टेबलावर आणून ठेवलं. शुभाने अदितीला फोन लावला, देवदत्तने आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनला. दुसऱ्या दिवशी दुपारी अदिती विमानतळावरून थेट आली. तोपर्यंत दोघं आळीपाळीने जागे राहिले.

पुढचं भराभर झालं. शैलाकाकूला स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी असलेल्या एका होममध्ये ठेवलं. काका काही दिवस इस्पितळात मनाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. मेमध्ये झडप बदलली आणि ते वाचले. पण देवदत्तशी एक शब्द बोलले नाहीत. भेटायला गेला की टीव्हीकडे तोंड करून बसायचे. होममधल्या पहिल्या दोन महिन्यांत काकू रोज संध्याकाळी दाराशी उभी राहून रडायची, हे अदितीने शुभाला सांगितलं होतं. ते देवदत्तच्या मनातून जात नव्हतं. डिसेंबरात न्यूमोनियाने काकू गेली.

अंत्यविधीनंतर पार्किंगमध्ये काका त्याच्या गाडीजवळ आले.

"शेवटच्या आठवड्यात तिने मला ओळखलं," ते म्हणाले. "एकदाच. नाव घेऊन हाक मारली. तू थांबवलं नसतंस तर ती हाक मला ऐकू आली नसती. आणि तिचं ते दाराशी रडणंही चुकलं असतं. तू चांगलं केलंस की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही."

देवदत्तने मान खाली घातली. त्यालाही ते ठरवता आलं नव्हतं.

काका मुलीकडे जर्सीला जायला तयार झाले नाहीत. त्याच घरात एकटे राहतात. देवदत्त अजून काउंटरवर आहे. रोज अकरा वाजता तो हातातलं काम बाजूला ठेवतो, समोर गिऱ्हाईक असलं तर त्याला जरा थांबा म्हणतो आणि काकांना फोन लावतो. काका पहिल्या रिंगला कधीच उचलत नाहीत. पाच रिंगा वाजतात, सहा वाजतात, कधीकधी आठ. गिऱ्हाईक चुळबुळ करतं. देवदत्त फोन कानाला लावून दाराकडे बघत उभा असतो, आणि मग पलीकडून आवाज येतो, "बोल."