एका चुकीखाली दोन सह्या

परवा माझ्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला आणि त्या वासानं मला थेट, मी नर्स होते त्या सांगलीच्या वॉर्डात नेलं. दुपारची पाळी नुकतीच बदलली होती. कागदावर जतच्या आजींचा इन्सुलिनच्या डोसचा रकाना कोरा दिसला, म्हणून मी सुई भरली. ती टेकवणार, तोच जिन्यातून आरोळी आली, "थांब गं! मी दिलंय!"

घरी निघालेली शैला सिस्टर गेटपासून पळत आली होती, एक चप्पल हातात! "लिहायचं राहिलं. चूक माझी."

"आणि मी तुला न विचारताच सुई भरली."

वॉर्डच्या वहीत चूक नोंदवून खाली दोघींनी सह्या केल्या. अनर्थ टळला म्हणून आम्ही वेड्यासारख्या हसत सुटलो.

आजींचा दंड मात्र अजून पुढेच होता. "मला वाटलं, दोनदा टोचत्यात."

तेव्हा हसण्याच्या नादात न दिसलेला तो दंड मला आज दिसतोय.