अडकलेला मखमली पडदा
कापडाच्या दुकानात जुन्या मखमलीचा वास आला की मला धुळ्यातलं ते संगीत नाटक आठवतं. पडद्याची दोरी माझ्या हाती होती आणि ऐट मात्र कंपनीच्या मालकाची. नाटकापायी धरलेला अबोला सोडून नायिकेचे वडील भडगावहून पहिल्यांदाच तिला बघायला आले होते, पुढच्याच रांगेत. शेवटच्या पदात ती श्वास घ्यायला थांबली आणि पद संपलं समजून मी दोरी सोडली. पडदा पडला तो अडकूनच बसला. ती आतून गातच राहिली. बाहेर तिचे वडील विनवत होते, "भाऊ, पडदा उचल ना, माले मनी पोर दिखत नही." मी नुसताच दोरीला लोंबकळत होतो. नंतर तीच मला म्हणाली, "असू दे भाऊ, आबांनी ऐकलं तरी." तिनं शिव्या घातल्या असत्या, तर हाही किस्सा मी आज हसत सांगितला असता.