फाटकापाशी उतरवलेला देव

आमच्या थोरल्या जाऊबाईंना, अक्कांना, मी घराबाहेर काढलं ते गाडीतल्या उकळत्या पाण्यापायी. ऐकणाऱ्याला हसू येईल. मला मात्र हे अजून मान वर करून सांगता येत नाही.

बाहत्तरचा दुष्काळ सरला, आमचे माग पुन्हा नीट चालू झाले आणि यजमानांनी एक जुनी मोटार घेतली. थोरले दीर वारल्यापासून अक्का आमच्याकडेच होत्या. माझी बाळंतपणं त्यांनीच काढली. गाडी दारात आली तेव्हा मी सिद्धरामेश्वरांची परातीएवढी पितळी प्रतिमा मुद्दाम घडवून घेतली आणि कुणाची नजर लागू नये म्हणून गाडीच्या समोरच्या जाळीवर तारेनं घट्ट आवळली. शिवाय दर सोमवारी त्यावर झेंडूचा जाड हार.

आणि नेमकी सोमवारीच गाडी उकळायची. एरवी यजमान कारखान्यात जायचे-यायचे, तेव्हा काही नाही. सोमवारी अक्का आणि मी देवळात जायचो. गाडी बंद केली की पुन्हा हँडल मारत बसावं लागे, म्हणून यजमान ती चालूच ठेवून दाराशी थांबायचे. आम्ही विभूती लावून बाहेर यावं तर बॉनेटमधून वाफा. मेस्त्रीनं पाणी बदललं, नळ्या बदलल्या, गाडी विजापूर रस्त्यानं लांबवर पळवून आणली. जरासुद्धा तापली नाही. काही दोष नाही, म्हणाला. मग दोष मी शोधला. अक्का बसल्या की गाडी तापते! अहो, त्याच गाडीत मीही असायची की. पण स्वतःचे पाय कुणाला दिसतात? ‘पांढऱ्या पायाची’ हे शब्द मी स्वयंपाकघरात भांडी आदळत, त्यांना ऐकू जातील अशा बेतानं उच्चारले.

त्यांनी ऐकलं. भांडल्या नाहीत. काही दिवसांनी म्हणाल्या, विजापूरला भावाकडं जाते, आता तिकडंच राहीन. भावजय त्यांना दारात उभी करत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. यजमानांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घालून भाजी निवडत राहिले. सोलापूरच्या स्टेशनावर ओळखीचं कुणी काही विचारील म्हणून त्यांना होटगीहून आगगाडीत बसवायचं, हेही मीच ठरवलं. अशा वेळी माणसाचं डोकं फार चालतं.

होटगीपर्यंत अक्का गाडीत होत्या आणि गाडी तापली नाही. तेही मला दिसलं नाही. आगगाडीला उशीर होता. त्यांना ट्रंकेवर बसवून आम्ही लगेच निघालो, कारण त्यांच्यासमोर उभं राहणं मला जड जात होतं.

थोडं पुढं आलो तर रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी येऊन सिग्नलला अडकलेली. यजमानांनी सवयीनं इंजिन चालू ठेवलं. बघता बघता उष्णतेचा काटा चढला आणि भस्सकन वाफ आली. मी वळून मागच्या सीटकडं पाहिलं. ती रिकामी होती.

फाटकवाल्याची म्हातारी आई घागर घेऊन आली. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. असं कपाळ समोर आलं की घरी परतून पाणी पिऊन पुन्हा निघणारी मी. त्या दिवशी तिच्याच ओंजळीनं पाणी प्यायले. यजमान इंजिन निवायची वाट पाहत होते. म्हातारी गाडीसमोर थांबली, प्रतिमेला हात लावून तिनं तो झटकन मागं घेतला आणि मला म्हणाली, “बाई, देवाला उनात कशापाई बांदलंय? लई तापलाय की. आत घ्या त्याला.”

एवढंच. तिनं पदर भिजवून दिला, यजमानांनी तारा सोडल्या, आणि ओल्या पदरानं निववलेला तो देव मी मांडीवर घेतला. पाणी भरून, हँडल मारून गाडी सुरू झाली. फाटक बंदच होतं. यजमान काट्याकडं बघत राहिले. काटा जागचा हलेना. मग ते हळू आवाजात म्हणाले, “गाडी धावते तेव्हा वारा कडेनं शिरतो. उभी असली की सगळं पंख्याच्या ओढीवर. आणि त्याच्या तोंडावरच आपण पितळ बांधलं.” ‘आपण’ म्हणाले. ‘तू’ म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

गाडी तिथूनच वळवली. अडकलेल्या मालगाडीनं अक्कांचीही गाडी अडवून धरली होती. त्या ट्रंकेवर तशाच बसलेल्या. मी भर फलाटावर त्यांचे पाय धरले आणि म्हणाले, “अक्का, गाडी तुमच्यामुळं नाही, माझ्यामुळं तापत होती.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून बाहेर पाहिलं.

“गाडी चालूच ठेवून आलात न्हवं? मग चला लौकर.”

देवानं काय केलं, काय नाही, ते मी सांगत नाही. मी त्याला राखणीला बांधून ठेवलं होतं, त्याच्यावर काही सोपवलं नव्हतं. आता तो देव्हाऱ्यात असतो. अक्का होत्या तोवर त्याला रोज पाणी त्याच घालायच्या, मी मागं उभी राहायची. फाटक त्या दिवशी बंद होतं, याबद्दल मी अजून रोज हात जोडते.