काळ्या अंड्यांची गोड बातमी

दुसऱ्याच्या अंड्यांविषयी इतक्या आपुलकीनं बोलणारा माणूस आमच्या व्याह्यांखेरीज अख्ख्या मुरबाड तालुक्यात सापडायचा नाही. माझी सुजाता वैशाखरे गावात दिली तेव्हा वाटलं होतं, शेतकरी माणूस, पाऊसपाण्याचं बोलेल नि गप्प बसेल. कसचं काय! "जयभीम विहीणबाई" म्हणायचा अवकाश, पाण्याचा तांब्या हातात यायच्या आत माशीचं बाळंतपण सुरू! ही माशी म्हणजे खसखशीच्या दाण्याहून बारीक अशी गांधीलमाशी. पतंगाची अंडी चिकटवलेलं एक कार्ड मिळतं, त्यातल्या प्रत्येक अंड्याच्या पोटात ही वाढत असते. व्याही त्या कार्डाच्या पट्ट्या फाडून भाताच्या पानांखाली टाचतात. माशी बाहेर येते, खोडकिड्याच्या पतंगानं घातलेली अंडी हुडकते आणि त्यांत आपलं अंडं घालते. तिचं पिल्लू आतला सगळा ऐवज फस्त करतं, अंडं काळं पडतं, आणि भात पोखरणाऱ्या अळीऐवजी त्यातून नवी माशी निघते. कार्ड घरात असलं की व्याही शेजारच्यांना मच्छर अगरबत्तीसुद्धा लावू देत नाहीत. मुरबाडहून एसटीनं येताना ते कार्ड मांडीवर घेऊन बसतात आणि बाजूच्याला म्हणतात, "जरा सरका, बाळंतीण हाय." एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी हे सगळं इतकं रंगवून सांगितलं, की समोरचे दोघे भात टाकून उठले.

मला मात्र त्या घरी पाऊल टाकताना धास्ती वाटायची. सुजाताच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. येणारा-जाणारा तेच विचारतो आणि माझी पोर मान खाली घालते. आईच्या जिवाला काय होतं ते आईलाच ठाऊक.

गेल्या पावसाळ्यात मी गेले, तेव्हा व्याह्यांची चुलत बहीण खर्डीहून आली होती. चहा संपायच्या आत तिनं विचारलंच, "काय गो सूनबाय, गोड बातमी कधी देतेस? आमाला नातू पायजे."

मी बशी खाली ठेवली.

"गोड बातमी हाय ना!" व्याही पडवीतून ओरडत आले. "भातखाचरातली पतंगाची सगळी अंडी काळी पडली!"

"दादा, मी सूनबायला इचारतेय."

"नातू पायजे ना तुला? मंग ऐक. ह्या माशीला नर नाय भेटला तरी ती अंडी घालते. पन निपजतात सगळे नरच. नुसते मुलगे! एक पोरगी नाय. पुढं वंश कोन चालवनार, सांग?"

बाई कावरीबावरी झाली. व्याही थांबतात होय! "आन अंडं घालायच्या आधी ती टकटक करून बघते. आत आधीच कोन असंल तर मुकाट पुढं जाते. दुसऱ्याच्या घरात नाक नाय खुपसत." बाईला एकाएकी परतीची रिक्षा आठवली. सुजाता कधीच स्वयंपाकघरात सटकली होती, आणि आतून तिचं हसू ऐकू येत होतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंगतीत असो की कुणाच्या बारशात, माझ्या पोरीकडे बघून कुणी तोंड उघडलं रे उघडलं, की व्याह्यांची माशी उडायची.

संध्याकाळी व्याही कार्ड घेऊन खाचराकडे निघाले, तशी मीही मागोमाग गेले. आभार कसे मानावेत ते सुचेना. म्हटलं, "व्याही, तुम्ही आहात म्हणून माझी पोर..."

त्यांनी पुढं बोलू दिलं नाही. चिखलात वाकलेले तसेच राहिले.

"विहीणबाई, खोटं कशाला सांगू, मलापन आजा व्हायचं व्हतं. लई व्हायचं व्हतं. पन ते तिच्या कानावर कशाला?"

त्यांच्या हातातलं कार्ड मी घेतलं, एक पट्टी फाडायला लागले.

"सांभाळून," ते हळूच म्हणाले. "आत पोरं हायत."