मागचा डावा स्पीकर

या ग्रुपवरचे अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणून वाचतो. वडाखालची बाई, पांढरी साडी, गाडीला हात करणारा म्हातारा... मी बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स आहे. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. चौकात कुणी लिंबू उतरून टाकलेलं दिसलं तर "उचला, सरबत करू" म्हणणारा माणूस. त्यामुळं पुढचं वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

लोहाऱ्यात तहसीलच्या पलीकडं नवीन प्लॉटिंग झालंय, तिथं आमचं घर. हॉल, स्वयंपाकघर, एक खोली, वर स्लॅब. घरात मी, माझी बायको रेखा आणि माझी माय. मागच्या अंगणात एक पत्र्याचं शेड आहे, खाली सारवलेली जमीन. माय तिथं झोपते. झोपायची — असं आता म्हणायला पाहिजे.

त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं माकणीकडचं जुनं गाव गेलं. माझा जन्म त्याच्यानंतरचा. माय दगडमातीच्या भिंतीखाली सापडली होती, सकाळी लोकांनी काढली, एवढंच आम्हाला माहीत. ती बोलायची नाही, आम्ही विचारायचो नाही. आमच्या भागात अशा घरांत काही रीती पडून गेल्यात. माळ्यावर जड काही ठेवायचं नाही. उशाशी कपाट नको. रात्री दाराला आतून कडी नको. आणि कितीतरी जुन्या माणसांना स्लॅबखाली झोप लागत नाही. मायचंही तेच, असं आम्ही धरून चाललो होतो. दिवसा ती हॉलच्या उंबऱ्यात बसायची, अर्धी आत, अर्धी बाहेर. शेजारी पानाचा डबा, अडकित्ता आणि पाण्याचा पितळी तांब्या. तांब्याच्या पोटाला मोठा पोचा. रेखानं नवा आणून दिला होता, मायनं तो तसाच फडताळात ठेवून दिला.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तिचा दमा फार वाढला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं — यांना थंडीत जमिनीवर झोपवू नका, पुढचा हिवाळा निभणार नाही. मी रागावून बघितलं, रेखा रडली, नळदुर्गहून मामा येऊन समजावून गेले. मायचं एकच, "माझं मला बरं हाय बाबा तितं." आणि बघता बघता पुढची थंडी तोंडावर आली.

त्याच दिवसांत मी स्पीकर आणले. हौस जुनी. कॉलेजात असताना सोलापूरला एका टॉकीजमध्ये पडद्यावर पाऊस आला आणि तो माझ्या पाठीमागून वाजला — मी मान वळवून बघितलं होतं! तेव्हाच ठरवलं, एक दिवस घरी असा आवाज लावायचा. मी लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतो, त्यामुळं कॉम्प्युटर बरा आहे, पण त्याचा मूळचा साऊंड विजेनं गेलेला. म्हणून वेगळं साऊंड कार्ड बसवलं. हिरव्या भोकात पुढचे दोन स्पीकर, काळ्यात मागचे दोन, केशरीत मधला आणि बेसचा मोठा डबा.

रविवारची दुपार. रेखा भांडी लावता लावता म्हणाली, "पाच-पाच तोंडं कशाला हवीत? माझं एका तोंडानं बोललेलं तरी तुम्ही कुठं ऐकताय!"

मागचे दोन मी भिंतीवर वर ठोकणार होतो. मायनं उंबऱ्यातून बघितलं.

"डोक्यावर नगं काय ठिवू."

"माय, किलोभरसुद्धा नाही गं ते."

"नगं म्हणले न्हवं."

मग मागचा उजवा स्टुलावर ठेवला आणि मागचा डावा खाली, मायच्या शेजारी उंबऱ्याजवळ. पण दाराला वळसा घालून यायला त्याची वायर पुरेना. म्हटलं उद्या लांब वायर आणू. वायरची गुंडाळी करून बेसच्या डब्यामागं टाकली. म्हणजे तो स्पीकर नुसता लाकडी खोका. त्याच्या पाठीमागच्या दोन्ही क्लिपा मोकळ्या. एवढं नीट लक्षात ठेवा.

गाणं लावलं. बेस पूर्ण. फरशी थरथरली, खिडकीच्या काचा वाजल्या, मला तर स्वर्ग दोन बोटं उरला — आणि माय उंबऱ्यातून उठून अंगणात!

"रेखे, भाईर ये! भाईर ये आदी!"

दमा असलेली बाई, कशी पळाली देव जाणे. भूकंपाच्या आधी किती दिवस जमीन अशीच गुरगुरायची हे मी लहानपणापासून ऐकलेलं... माझ्या डोक्यातच आलं नाही. पटकन बंद केलं. बेसचं बटण शून्यावर आणलं. म्हटलं, "काढून ठेवतो सगळं."

माय धापा टाकत परत येऊन बसली. "ऱ्हाऊ दे. हौसंनं आणलंस. नुसतं ते गुरगुरणं बंद ठिव."

म्हणून गाणं न लावता फक्त टेस्ट घेतली. स्क्रीनवर एक खोली दिसते, भोवती स्पीकरची चित्रं. ज्या चित्रावर क्लिक कराल त्या स्पीकरमधून खस्स असा आवाज येतो. पुढचा डावा, आला. मधला, आला. पुढचा उजवा, मागचा उजवा, आला. हात सवयीनं पुढं गेला आणि मागच्या डाव्यावरही क्लिक झालं.

ठण्.

धातूवर दगड मारावा तसं. थोडं थांबून परत — ठण्.

आतून रेखा ओरडली, "आत्या, तांब्या कशाला वाजवताय?" (रेखा मायला आत्या म्हणते.)

मायचे दोन्ही हात मांडीवर होते.

पहिल्यांदा वाटलं साऊंड कार्डातली गडबड. तिन्ही पिना उपसल्या. आवाज चालूच. मग बोर्डाचं बटणच बंद केलं. कॉम्प्युटर गेला, बेसच्या डब्यावरचा लाल दिवा विझला. आवाज चालूच. मी गुडघ्यावर बसलो आणि त्या स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला. आतून कुणी टिचकी मारल्यासारखा ठोका माझ्या हाताला लागला. हे मी ऐकलेलं सांगत नाही, माझ्या हाताला लागलेलं सांगतोय.

माय माझ्याकडं बघतच नव्हती. तिनं तांब्यातलं पाणी अंगणात ओतलं, अडकित्ता उचलला आणि पोच्यावर मारला. ठण्.

स्पीकरमधून, ठण्.

मायनं परत मारला. परत उत्तर. रेखा ओल्या हातानं दारात येऊन उभी राहिली. मला भीती वाटायला पाहिजे होती. वाटली नाही. भिंतीच्या अल्याड-पल्याड दोन जावा बोलत बसाव्यात, तसं ते होतं.

मग माय स्पीकरच्या अगदी जवळ वाकून म्हणाली, "अक्का, हाय गं मी. मला काढलं बग. सुटले मी... तू बी सूट आता."

आणि एकदा शेवटचा ठोका दिला. आम्ही वाट बघितली. पलीकडून काही आलं नाही.

माय रडली नाही. पाणी मागितलं, प्याली, मग सांगितलं. अक्का म्हणजे तिची थोरली जाऊ, माझी चुलती. मी तिला कधी बघितलं नाही.

"तोंडात माती गेल्ती, आवाज फुटंना. हाताला ह्यो तांब्या लागला. म्या दगडानं वाजीवला, तर पल्याडनं अक्कानं वाजीवला. घागर असंल तिच्यापाशी. लई येळ आमी दोगी तसंच वाजीवत व्हतो. मग माणसांचा गलका आला, उजेड दिसला... अन् म्या तांब्या टाकला. ती वाजीवतच व्हती रे. म्या शेवटचं उत्तरच दिलं न्हाय. मला लिंबाखाली निजवलं. बोलता याया लागलं तवर..."

रेखानं हळूच विचारलं, "म्हणून तुम्हाला स्लॅबची भीती वाटते का आत्या?"

"स्लॅबची भीती कुणाला हाय?" माय जरा चिडलीच. "फरशीवर कान ठिवला तर काय ऐकू येत न्हाय. मातीतनं येतं."

इतकी वर्षं आम्ही तिची समजूत घालत होतो की माय, स्लॅब पक्का आहे, घाबरू नको. आणि ती बाई रोज रात्री जमिनीला कान लावून झोपत होती.

संध्याकाळी तिनं स्वतःची वाकळ शेडमधून उचलली आणि हॉलमधल्या दिवाणावर टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. ती थंडी निभली. डॉक्टर म्हणाले, "शेवटी ऐकलं म्हणायचं तुमचं!" मी फक्त हो म्हणालो.

आता तुम्ही म्हणाल इलेक्ट्रॉनिक्सवाला काय म्हणतो. स्पीकर उघडून बघितला. कागद, कॉइल, चुंबक. वायरीशिवाय त्यानं हूं की चूं करायचं कारण नाही. शेजारच्या दोन्ही घरांत विचारलं, त्या दुपारी कुणी काही ठोकत नव्हतं. आणि समजा ठोकत असतं, तरी मायनं ठोका दिल्यावरच उत्तर कसं आलं असतं? अर्थिंग, इंडक्शन, रिझोनन्स, जेवढं शिकलो तेवढं सगळं लावून बघितलं. कुठंच बसत नाही. माझं शिक्षण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या दुपारपुरतं तरी माझ्याजवळ उत्तर नाही.

लांब वायर दुसऱ्याच दिवशी आणली होती, अजून ड्रॉवरमध्ये आहे. आमच्याकडं सिनेमातला पाऊस मागून फक्त उजवीकडं पडतो. परवा रेखा म्हणाली, "एवढा खर्च केलाय, तो एक जोडून टाका की."

माय दिवाणावर पडली होती. डोळे न उघडताच म्हणाली, "नगं. निजू दे तिला."